फुस्सनंतरची शीळ

फुस्स!

न्हाणीघरातून आवाज आला आणि सकाळची शांतता मोडली. लेकीचं दप्तर भरता भरता तिचा हात थांबला. फुस्सच्या पाठोपाठ नवऱ्याची शीळ आली, मजेत, तालात.

तिच्या मनात पाल चुकचुकली. दम्याचा पंप तोंडाने ओढल्यावर दहा आकडे होईस्तोवर श्वास आत धरायचा, मग खळखळून चूळ भरायची, असं नर्सने दोघांना समोर बसवून शिकवलं होतं. श्वास कोंडून धरलेला माणूस शीळ कशी घालेल?

नवरा बेकरीत कामाला, दिवसभर पिठाच्या धुरळ्यात. मागच्या थंडीत भट्टीसमोरच त्याला दम लागला, ओठ निळे पडले, उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून हा रोजचा पंप आला, बरं वाटत असलं तरी घ्यायचाच असा. तो वेळच्या वेळी संपतही होता. पण खिशातला तातडीचा पंपही भराभर संपायला लागला होता, आणि जिना चढून आला की त्याच्या छातीत मांजर गुरगुरायचं. मग औषध जात होतं कुठे?

विचारलं की उत्तर ठरलेलं, "घेतला गं, तुझी शप्पथ!" शपथेला काय, दमडी लागत नाही.

आज ती पाऊल न वाजवता गेली आणि तिने दार ढकललं.

नवरा गालांना साबण फासून दाढी करत होता. शेजारी, दात घासायला गेलेली लेक स्टुलावर उभी. तिने दोन्ही हातांनी पंप आरशावर रोखला होता.

"आई, मी रोज आरशाला औषध देते! बाबा म्हणाले, तुला सांगायचं नाही."

शीळ जागच्या जागी विरली.

"अगं, आता बरं आहे मला. उगाच सवय लागली म्हणजे?"

"दात घासायची लागली, ती बरी चालते!"

"तू म्हणजे अगदी पोलीस झालीस."

"आणि तुम्ही चोर! वर एवढ्याशा पोरीला सामील करून घेतलंत. अहो, बरं वाटतंय ते खिशातल्या पंपाच्या जिवावर. तो एक दिवस घरी राहिला तर?" तिने लेकीच्या हातातला पंप काढून त्याच्यापुढे धरला. "मला परत तसं धावायचं नाहीये."

तो ओशाळला. तोंडावरचा साबण पुसून त्याने पंप हलवला, श्वास पुरता सोडला, मग फुस्स करून सावकाश आत ओढला आणि धरून ठेवला.

ती त्याच्या छातीवरून नजर हलवेना. खरंच आत गेलं, की तोंडातच घोळवतोय? ती बोटांवर आकडे मोजू लागली.

लेकीने हळूच तिची बाही ओढली.

"आई, बाबांचा श्वास दर वेळी परत येतो ना गं?"