थ्री हंड्रेड की सेव्हन एमएम?

जगन्नाथरावांनी जन्मात उंदीरसुद्धा मारला नव्हता. पिंजऱ्यात सापडलाच तर त्याला चार घरं पलीकडे नेऊन सोडणारा हा माणूस. पण २००६ साली त्यांच्या लेकीला, यामिनीला, अ‍ॅरिझोनाच्या सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना लागला, आणि तिथल्याच चँडलर गावातल्या त्यांच्या घरात काडतुसांखेरीज दुसरा विषय उरला नाही.

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. यामिनी चोवीस वर्षांची, फ्लॅगस्टाफला वन्यप्राण्यांवर एम.एस. करणारी. मांस खायचं तर स्वतः मिळवून खायचं, हे तिचं तत्त्व. दोन वर्षांपूर्वी तिनं ते घरी सांगितलं, तेव्हा जगन्नाथराव नको नको ते बोलून बसले. तेव्हापासून ती फोन आईला करायची आणि शेवटी "बाबाला हाय सांग" म्हणायची. हे उरलंसुरलं हाय त्यांना फार लागायचं. परवान्याची बातमीसुद्धा त्यांना बायकोकडूनच कळली.

"तिला रायफल मी घेऊन देणार," त्यांनी जाहीर केलं.

"मोनाची वापरते ना ती," सुवर्णाताई पोळी उलटत म्हणाल्या. मोना म्हणजे यामिनीची रूममेट.

"उसनी किती दिवस वापरणार?"

खरं तर त्यांना लेकीच्या त्या जगात कुठूनतरी पाय टाकायचा होता, आणि दुसरी वाट दिसत नव्हती. पण असं बोलून दाखवतील तर ते जगन्नाथराव कसले!

मग प्रश्न आला काडतुसाचा. सेव्हन एमएम मॅग्नम की थ्री हंड्रेड मॅग्नम? दोन्हीनं एल्क सहज पडतो, हे दुकानदारानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. पण सारी हयात कॉम्प्युटरच्या चिप्स तपासण्यात घालवलेल्या इंजिनिअरचं एवढ्यावर कसं भागणार? त्यांनी वेग काढला, तीनशे यार्डांवर गोळी किती खाली येते ते काढलं, गोळीचं वजन पाहिलं. त्यांनी लेकीला फोन लावला आणि हे सगळं तिला ऐकवलं. ती "हो का?" "ओके" म्हणत निमूट ऐकत राहिली.

शेवटी त्यांनी घेतली थ्री हंड्रेड. खांद्याला बसणारा दणका जास्त, पण जोरही जास्त. फ्रॉक, बूट, पहिली सायकल, लेकीसाठी सगळं त्यांनी वाढत्या अंगाचंच आणलं होतं. लेक पाच फूट दोन इंचांवर कधीच थांबली होती; बापाची सवय काही थांबली नव्हती.

"वॉव, बाबा! थँक यू," ती म्हणाली. "संडेला रेंजवर येतोस?"

जगन्नाथराव रविवारी भल्या सकाळी दाढी करून तयार.

नेमबाजीच्या त्या रेंजवर मोठमोठे हेडफोन कानांवर चढवून ते तिच्या शेजारी उभे राहिले. पहिला बार झाला आणि दचकले तेच. यामिनी दुर्बिणीतून लांबच्या कागदावरचं भोक बघत होती. जगन्नाथरावांना त्या कागदातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते आपले लेकीकडेच बघत राहिले.

चाप ओढायच्या क्षणी ती डोळे गच्च मिटत होती. लहानपणी डॉक्टरांनी सुई काढली की मिटायची, अगदी तस्से.

आणखी दोन बार झाले. चौथ्या वेळी तिनं चाप ओढला तर नुसतं टक्. काडतुसं संपली होती. बार झालाच नाही, तरी डोळे मिटले आणि नळी टुणकन खाली गेली. दोघांच्याही ते लक्षात आलं. यामिनीनं रायफल टेबलावर ठेवली, हेडफोन काढले.

"इट्स अ ग्रेट रायफल, बाबा. मला फक्त प्रॅक्टिस हवी."

"खांदा दुखतोय?"

"थोडा."

"मोनाची आणलीयेस ना गाडीत? जा, घेऊन ये."

मोनाच्या सेव्हन एमएमचे तीन बार झाले. तिन्ही भोकं तळहाताखाली झाकतील इतकी जवळजवळ होती. जगन्नाथरावांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हीच वापर," ते म्हणाले. "ती माझी दुकानात देऊन टाकू. मला अक्कल नाही, पण तुला तर आधीच माहीत होतं ना? फोनवर का नाही बोललीस?"

यामिनी रिकामी काडतुसं गोळा करत राहिली. "बिकॉज यू कॉल्ड, बाबा. टू इयर्सनी तू स्वतः फोन केलास, आणि हंटिंगवर इतका वेळ बोललास. मी नको म्हटलं असतं, तर तू परत गप्प झाला असतास."

जगन्नाथरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं उगाचच पुसला. इतका आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि तो लपवायचं काही त्यांना जमेना.

"आत्ता माझे डोळे उघडे होते?" तिनं विचारलं.

"टक्क उघडे."

"मोना तर टार्गेटकडेच बघत बसते. जंगलात कुणीतरी माझ्याकडे बघणारं हवंय," यामिनी म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये रजा मिळेल तुला?"

"बघतो विचारून," जगन्नाथराव म्हणाले.

विचारायचं कसलं! परवाना लागल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी साहेबाकडून ऑक्टोबरमधली आठवडाभराची रजा मंजूर करून घेतली होती. फक्त कुणी बोलावलं नव्हतं.