केसरचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. मोडलेल्या होडीच्या फळीचा. होडीत होतो तेव्हा सारी खाडी पाहिली. सुताराने माझा पाट केला आणि मग नशिबी आले ते पाहुण्यांचे पाय. काय काय पाय पाहिले म्हणून सांगू!

केसरला दाखवायचं होतं तेव्हाची गोष्ट. मासळी विकणारी पोर ती, तिची हाक अख्ख्या बाजाराला ऐकू जायची. पण त्या दिवशी आईने तिला माझ्यावर बसवून बजावलं, "मान वर करू नको. हळू बोल." पाहुण्यांनी नाव विचारलं. केसर इतकं हळू बोलली की मला, अगदी तिच्याखाली असूनही, ते ऐकू आलं नाही.

"पोरगी शांत हाय," म्हणत पाहुणे खूश झाले. लग्न जमलं आणि पाटही शुभ ठरला. मला मात्र आनंद झाला नाही, कारण तिची थरथर माझ्या अंगात उतरली होती.

शुभ म्हणून मी तिच्यासोबत सासरी आलो. केसर जेट्टीवर ओरडून मासळी विके, आणि घरात पाऊल टाकलं की आवाज बंद. तिचा नवरा रामचंद्र वाईट माणूस नव्हता. जेट्टीवरचा आवाज धंद्याचा, बायको आपली शांतच, असं तो बिचारा खरोखर धरून चालला. मी माळ्यावर जुन्या जाळ्यांखाली धूळ खात पडलो.

वर्षं गेली. मग त्यांच्या लेकीला, नेत्राला, बघायला पाहुणे येणार म्हणून मला खाली काढून पुसलं. नेत्रा नाटक शिकते. आदल्या दिवशी तिने मला काखेत मारलं आणि थेट आगरदांड्याच्या जेट्टीवर मांडलं. तिथे दिघीला जाणारी माणसं बोटीची वाट बघत उभी होती.

"या काका, बसा. आज मुलगा बघायचा कार्यक्रम आहे!"

हसत हसत एक मिशीवाले काका बसले. नेत्राने त्यांच्या डोक्यावर ओढणी घातली. "मान खाली. भाकरी येते का? हसताना दात दिसू देऊ नका." सगळे त्यांच्याकडे टक लावून बघू लागले, तसे काकांचे पाय थरथरले. ती थरथर माझ्या ओळखीची होती.

इतक्यात टोपली घेऊन केसर आली. "नेत्रा! उद्या पाहुणे येनार, आन् तू ह्यो तमाशा मांडलास? दे माझा पाट!"

एका बाजूने आई ओढतेय, दुसऱ्या बाजूने लेक. माझा जीव मेटाकुटीला आला.

"ने. पुन्हा न्हाय मांडणार," नेत्रा म्हणाली. "पण एकदा बस, आई."

केसर रागारागाने बसली, आणि बसताक्षणी तिची मान आपोआप खाली गेली. नेत्रा तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"नाव काय तुमचं?"

केसरचे ओठ नुसते हलले.

"ऐकू आलं न्हाय, आई."

केसरने मान वर केली. "केसर!" ती ओरडली. "केसर हाय माझं नाव!" जेट्टीलगतच्या होडीत जाळं विणत बसलेला रामचंद्र उठून उभा राहिला. मला तर रडूच आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा केसरने त्यांना खुर्च्या दिल्या आणि नेत्रालाही खुर्चीच दिली. मी घरात नव्हतोच, जेट्टीवरच होतो; हे नंतर केसरच्या तोंडून ऐकलं. आता मी रोज जेट्टीवर असतो. केसर माझ्यावर बसून मासळी विकते. अंगाला वास येतो, पण तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या पाटाला पाण्यात भिजत ठेवू नका, उन्हात तडकू देऊ नका. आणि माझ्यावर कुणाला बसवून नाव विचारलंत, तर ते मोठ्याने ऐकू येईपर्यंत थांबा.