आत्म्याचे खारट अश्रू

"चाखून बघा! खारट आहे हो!" शेजारच्या काकू ओरडल्या आणि फरशीवर वाहत आलेल्या पाण्यात बोटं बुडवायला एकच झुंबड उडाली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर घरून चमचा आणला होता.

खोली माझ्या दिवंगत थोरल्या भावाची. भिंतीशी त्याने हौसेने ठेवलेली समुद्री माशांची काचेची टाकी. पाणी येत होतं तिच्या खालच्या कपाटातून, जिथे पाणी गाळायची दुसरी टाकी होती, आणि ते भावाचे अश्रू होते. असं आत्म्यांना बोलावणारे अश्रूबाबा म्हणत.

"आत्मा तळमळतोय," बाबा डोळे मिटून वहिनीला म्हणाले. "ही खोली आमच्या केंद्राला द्या. हसेल तो."

वहिनी रडून अर्धी झाली होती. खोली द्यायला तयारही झाली होती.

बाबांचे नियम दोनच. कपाटातली खालची टाकी सदैव काठोकाठ भरलेली हवी, कारण आत्म्याला तहान फार. आणि आवाहनाच्या वेळी पंप बंद हवा, कारण आत्म्याला घरघर खपत नाही. भाऊ स्वतः जन्मभर घोरला. पण मेल्यावर माणूस सुधारतो म्हणे.

पुढच्या बैठकीला पुतणी आली. ती दातांची डॉक्टर, लोकांना तोंड उघडायला लावण्यात पटाईत. गर्दी जमण्याआधी तिने खालच्या टाकीतलं बरंच पाणी बादल्यांत काढून ठेवलं.

बाबांनी पंप बंद करवला. "ये, अश्रुरूपाने ये!" खालचं पाणी चढलं आणि काठाखालीच थांबलं. फरशी ठणठणीत कोरडी.

"घरात नास्तिक आहे. आत्मा रुसला," बाबा म्हणाले.

"मी काढते समजूत." पुतणीने पंप सुरू केला, खालची टाकी काठोकाठ भरली, डोळे मिटले आणि गंभीरपणे पुटपुटली, "झोपताना दात घासा. दाढा विसरू नका." मग बटण बंद केलं. आत्मा धो धो रडला.

"अगं बाई, दातांचं एवढं दुःख?" काकू कळवळल्या.

"काकू, पंप खालचं पाणी वर चढवतो, ते पाइपातून परत खाली येतं. पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली उतरतंच. त्याला खाली जागा ठेवायची असते. नाही ठेवली, की फरशीवर! आणि समुद्रातल्या माशांचं पाणी खारट नसेल तर काय गोड असेल?" तिने जास्तीचं पाणी उपसलं आणि खालच्या काचेवर खुणेची रेघ ओढली. "पंप चालू असताना पाणी याच्या वर नको."

"दोन बोटं खाली घे," बाबांच्या तोंडून निसटलं. "परतीच्या पाइपातलंही उतरतं. माशांच्या टाक्यांच्या दुकानात होतो तेव्हा आम्ही नेहमी..."

शिंप्याने चमचा हळूच खिशात घातला.

"म्हणजे हे रडत नव्हते?" वहिनीने विचारलं.

"नाही गं आई."

वहिनीने मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि बाबांच्या हातात फडकं दिलं. "खोली मिळायची नाही. फरशी कोरडी करून जा."

मंडळी, चमत्काराला हात जरूर जोडा. फक्त आधी बघून घ्या, बटणावर कुणाचा हात आहे.