बोक्याचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. चार माणसांचा, असं माझ्या पिशवीवर छापलंय. प्रत्यक्षात माझ्यात मावायचे आई, बाबा, त्यांची चिंगी आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव बोक्या. चिंगी चार वर्षांची असताना तिनं ते ठेवलं आणि मग कुणी बदललं नाही.

कारखान्यातल्या बाईंनी माझ्या तळाला दुहेरी शिवण घातली होती, त्याचा मला फार अभिमान. आठ वर्षं मी नदीकाठी, माळावर, डोंगरावर उभा राहिलो. पावसाचा थेंब आत येऊ दिला नाही. "असा तंबू मिळायचा नाही," असं बाबा सगळ्यांना सांगायचे आणि मी ताठ उभा राहून ऐकायचो. बोक्या माझ्या डाव्या कोपऱ्यात झोपायचा. त्यानं मला कधी घाण केलं नाही.

गेल्या वर्षीच्या सहलीत मात्र त्याच कोपऱ्यात तो मुतला. बाबांनी त्याला ओरडून बाहेर काढलं, चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी ओतलं आणि ब्रशनं खसाखसा घासलं. डाग पसरला, पाणी अडवणारा माझा थरही सोलवटला. घरी आल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "अहो, घासलंत कशाला? फडक्यानं टिपायचं, मग कोमट पाण्यात व्हिनेगर घालून धुवायचं!" मग मला गच्चीवर सावलीत उभारून वाळत ठेवलं.

दोनच दिवसांनी बोक्या माझ्यात शिरला आणि पुन्हा तिथंच. बाबा म्हणाले, "माझंच चुकलं. वास राहिलाय, म्हणून तो त्याच जागी करतोय."

सगळ्यांना ते पटलं. बाबा तर इरेला पेटले. व्हिनेगर, खायचा सोडा, परत व्हिनेगर.

चिंगी एकदा म्हणाली, "बाबा, करताना तो कण्हतो. त्याला दुखत असेल का?"

"दुखतंय कसलं! लाडावलाय नुसता."

मित्रांनो, तिसऱ्या वेळचा डाग लालसर होता. माझ्याच अंगावर होता, मी पाहिला. बाबांनी नीट बघायच्या आधीच त्यावर सोडा ओतला. मला वाचा असती तर मी गळा फाडून ओरडलो असतो. त्या दिवसापासून बोक्याला माझ्यात यायची बंदी झाली. तो बाहेरून माझी चेन खरवडत बसायचा.

आठवड्याभरात त्याची लघवी बंदच झाली. त्याला डॉक्टरांकडे नेलं, पण बाबा परतले ते नुसता पट्टा हातात घेऊन. गच्चीवर माझ्याजवळ येऊन ते आईला म्हणाले, "मूतखडा होता. डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून जात होतं? मी डागच पुसत बसलो गं."

आता मी माळ्यावर घडी होऊन पडलो आहे. परवा चिंगीनं मला खाली काढून पसरलं आणि डाव्या कोपऱ्याला नाक लावलं. बराच वेळ ती हुंगत राहिली, मग हमसून हमसून रडली. तिथं फक्त व्हिनेगरचा वास येतो. बाबांनी काम चोख केलं होतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मुक्या जनावरानं घाण केली तर फडकं जरूर आणा. पण पुसण्याआधी डागाकडे नीट बघा आणि मग त्या जनावराकडे बघा. माझ्यासाठी घाई करू नका. मी काय, धुतलो की वाळतो.