वगळलेले तीन तारे

देवश्रीच्या प्रबंधाची वाढवून मिळालेली मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या घरी ती सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून होती. रोहिणीजवळच्या तारकागुच्छातले तारे एकाच दिशेने सरकतात. त्या गतीवरून तिने गुच्छाचं अंतर काढलं होतं. उत्तर एकशे एकाहत्तर प्रकाशवर्षं येत होतं आणि आधीच्या मोजमापांनुसार यायला हवं होतं एकशे त्रेपन्नच्या आसपास. आठवडाभर शोधूनही चूक सापडत नव्हती.

साडेतीनला तिने मार्गदर्शकांना आकडे पाठवून फोन केला.

"तीन तारे फारच वेगळे दिसतायत," ते म्हणाले. "ते वगळ, जुळेल."

"सर, वगळायचं कारण काय लिहू?"

"ते नंतर बघू."

तिने तारे वगळले. उत्तर एकशे चोपन्न आलं आणि तिला रडू फुटलं. ते तिन्ही गुच्छातलेच होते, तिनेच तीनदा तपासले होते.

पाचला दहा मिनिटं असताना तिने ते तारे पुन्हा हिशेबात घेतले. चूक सापडली नाही असं स्पष्ट लिहून प्रबंध पाठवला.

दोन महिन्यांनी तो नापसंत होऊन परत आला. आता देवश्री सकाळी श्रीरामपूरला शिकवण्या घेते आणि दुपारी घरी येऊन पहिल्या ताऱ्यापासून पुन्हा मोजायला बसते.