मल्लाप्पाअण्णांचा मेसेज, जसाच्या तसा

सोमवारी केतकीची शाळेची डिसिप्लिन प्रिफेक्ट म्हणून निवड झाली आणि मंगळवारी तिने खोटा मेसेज पाठवला. अगदीच खोटा नव्हता म्हणा. सात भागांपैकी सहा भाग खरा होता.

जे. पी. नगरहून बसवनगुडीच्या शाळेत सात मुलं नेणारी व्हॅन मल्लाप्पाअण्णांची. अण्णा मूळचे निपाणीकडचे. मुलं उतरली की सात आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळे पोचले’ असं कळवायचं, हा नियम. अण्णांचे हात स्टिअरिंगवर, म्हणून पुढच्या सीटवर बसणारी नववीतली केतकी त्यांच्या फोनवरून मेसेज टाकायची. मंगळवारी तिने तो आधीच्या सिग्नललाच टाकला, मागे वळूनही न बघता, आणि वर स्वतःच्या मनाने भर घातली: ‘सातही मुले सुखरूप पोचली. तनय खुशीत आहे.’

तनय त्या वेळी एकशे दोन ताप अंगात घेऊन घरी सोफ्यावर पडला होता. त्याची आई, नीलिमामावशी, उशाशी बसून तो किती खुशीत आहे ते वाचत होती.

तिने लगेच अण्णांना फोन लावला.

“चुकलं माझं, अक्का,” अण्णा म्हणाले. “घाईत टाइप झालं.”

शेजारी केतकी छातीवरचा नवा बॅज सरळ करत होती. बराच वेळ करत होती.

ग्रुपवर निकाल लागला. शुक्रवारपासून मेसेज अण्णांनी स्वतः पाठवायचा, चालत्या गाडीत फोनला हात न लावता, सात पन्नासच्या आत. नाही जमलं तर सोमवारपासून सातही मुलं दुसऱ्या व्हॅनने.

“त्यात काय एवढं!” केतकी म्हणाली. “फोनला हाक मारायची आणि बोलायचं. आतली बाई सगळं करते. मी शिकवते.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर, बाकीची मुलं यायच्या आत, तालीम सुरू झाली. अण्णांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि फोनला हाक मारली.

“मेसेज कशाने पाठवू?” फोनमधल्या बाईने विचारलं. “एसएमएस की व्हॉट्सॲप?”

“तुमाला जे सोयीचं पडंल ते, अक्का. माझं काय अडून न्हाई.”

“माफ करा, मला समजलं नाही.”

“माफी तुम्ही कशाला मागताय? मीच नीट बोललो न्हाई.”

“अण्णा! तिला फक्त ‘व्हॉट्सॲप’ म्हणायचं. ऑर्डर द्यायची, ऑर्डर!”

“ओळख ना पाळख, परक्या बाईला एकदम ऑर्डर?” अण्णा दुखावले. “आमच्या घरात हे चालत न्हाई बग.”

चौथ्या खेपेला मेसेज एसएमएसने गेला. म्हणजे वाया गेला, कारण एसएमएस कोणीही उघडून बघत नव्हतं. तिथे ओटीपी आणि प्लॉटच्या जाहिराती राहतात. पाचव्या खेपेला बाईने मेसेज वाचून दाखवला आणि ‘पाठवू की बदलू?’ असं विचारलं. अण्णा म्हणाले, “तुमाला कसा वाटला?”

केतकीने फोन काढून घेतला आणि सेटिंग्ज उघडली. ‘मेसेज कशाने पाठवायचा: दर वेळी विचारा’ होतं, तिथे तिने ‘व्हॉट्सॲप’ केलं. ‘पाठवण्याआधी विचारा’ होतं, ते बंदच करून टाकलं.

“आता ती काही विचारणार नाही. तुम्ही बोला, ती लिहिणार, तुम्ही थांबलात की पाठवणार.”

“म्हंजे माझं बोलणं सगळं ऐकून घेणार?”

“सगळं.”

“बाई चांगली हाय,” अण्णा म्हणाले.

शुक्रवारी व्हॅन सात पंचेचाळीसला गेटसमोर लागली. ताप उतरलेला तनय आज होता. मागचं दार उघडून लहानांना उतरवण्याचं काम केतकीने प्रिफेक्ट झाल्यापासून अंगावर घेतलं होतं. ते उरकून ती दप्तर घ्यायला पुढच्या खिडकीशी आली, तेव्हा अण्णा आरशात बघत गाडी मागे कशी घ्यावी याच्या विचारात होते, आणि मेसेज नुकताच गेला होता. स्क्रीनवर जसाच्या तसा होता:

‘नमस्कार अक्का चहा झाला का व्हॅनच्या ग्रुपला निरोप द्यायचा होता सवडीनं द्या सात पोरं उतरली तनय बी उतरला गेटातून आत जाताना मी डोळ्यानं बघितलं आणि तुमाला म्हणून सांगतो परवाचा मेसेज मी नव्हता टाकला आमच्या केतकीनं टाकला पण हे तुमच्या माझ्यात राहू द्या पोरगी गुणाची हाय’

खाली दोन टिक होत्या. अजून निळ्या झाल्या नव्हत्या.

सात सत्तेचाळीस. मेसेज दाबून धरायचा, सगळ्यांसाठी डिलीट करायचा आणि ‘सर्व मुले पोचली’ असं सुटसुटीत टाइप करायचं. दहा सेकंदांचं काम. केतकीचा त्यात हात बसलेला होता. तिने खिडकीतून हात आत घातला, बोट मेसेजवर नेलं.

मग तिने बोट उचललं आणि शेजारचं दप्तर ओढून घेतलं.

“काय गं, गेला का निरोप?” अण्णांनी विचारलं.

“गेला.”

“नीट गेला न्हवं? काय ऱ्हायलं तर न्हाई?”

“काहीच राहिलं नाही, अण्णा.”

टिक निळ्या झाल्या. नीलिमामावशीचं उत्तर आलं: ‘तनयला आत जाताना पाहिलंत ना, मग झालं. सोमवारी नेहमीच्या वेळी या.’

केतकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. “सरी, सरी,” असा कानडीत होकार भरत अण्णांनी फोनपुढे मान लववली आणि गाडी रिव्हर्सला टाकली.

त्या उत्तराच्या खाली ‘आसावरी टाइप करत आहे’ असं आलं होतं. ते केतकीने वाचून दाखवलं नाही. आसावरी म्हणजे तिची आई. ती या वेळी महादेवपुऱ्याच्या ऑफिसला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये असते. दीड तासाचा रस्ता, हातात फोन, आणि दुसरं काही काम नसतं.

केतकी गेटकडे चालू लागली. सात पन्नासला तिथे उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची होती.