सूचना क्रमांक एकोणीस

संगणकातला कचरा काढून देणारी ती कंपनी स्वतः मात्र एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या आणि रिकाम्या खोक्यांच्या गराड्यात बसत असे. सॉफ्टवेअरचं नाव 'लखलखाट'. ते चालू केलं की आधी लाल अक्षरांत सांगायचं, तुमच्या संगणकात चार हजार तीनशे बारा दोष सापडले आहेत. कालच विकत घेतलेल्या कोऱ्या संगणकातसुद्धा आकडा चार हजारांच्या खाली येत नसे. मालकांचं म्हणणं असं, की माणूस घाबरल्याशिवाय झाडू हातात घेत नाही.

वापरणाऱ्यांच्या सूचना वाचण्याचं काम एका बाईकडे होतं. दारावर पाटी 'सूचना कक्ष', आणि कक्षात ती, एक टेबल आणि एक बंद पडलेला पंखा. ऑफिसात तिला सगळे सूचनाबाई म्हणत. आठ वर्षांत तिने नाना तऱ्हेच्या सूचना वाचल्या होत्या. कुणाला सफाई झाल्यावर टाळ्यांचा आवाज हवा होता. कुणाला बायकोच्या फाइली आधी आणि स्वतःच्या सवडीने तपासणारी सोय हवी होती. एकाने तर लिहिलं होतं, फाइल पुसू नका, पण पुसली असं दाखवा, तेवढंच मनाला बरं वाटतं. सगळ्यांना उत्तर एकच जायचं, तेही आपोआप: 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. ती नोंदवण्यात आली असून योग्य वेळी तिचा विचार केला जाईल.' ही योग्य वेळ आठ वर्षांत एकदाही उगवली नव्हती. ग्राहकाची सूचना म्हणजे सोनं, असं मालक प्रत्येक सभेत म्हणत, आणि सोनं असल्यामुळेच बहुधा ते कुलपाबाहेर काढत नसत.

मग 'एक जुना वापरकर्ता' अशा सहीने सूचना यायला लागल्या. क्रमांक घालून, विषय आणि संदर्भ लिहून. पहिली सूचना विखुरलेले तुकडे जोडण्याच्या सोयीबद्दल होती. डिस्कवर एकाच फाइलीचे तुकडे चार कोपऱ्यांत पडलेले असतात, ते हुडकून सलग लावायचं हे काम. ते चालू असताना पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागेवर सरकतात. या गृहस्थांनी लिहिलं होतं: 'चौकोन फार घाईने सरकतात. कागद जागेवर लावताना घाई करणारा माणूस मी तरी चांगला पाहिलेला नाही. वेग कमी करावा.' चौथ्या सूचनेत त्यांनी संदर्भ दिला: 'माझी सूचना क्र. ३, आपले उत्तर: मोघम.'

मोघम हा शब्द वाचला आणि बाईंचा हात थबकला. हा शब्द त्या रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर ऐकत होत्या. सासरे विचारायचे, "काय सूनबाई, कसं काय ऑफिस?" त्या म्हणायच्या, "ठीक." आणि सासरे पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे, "मोघम."

सासऱ्यांनी चौतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर, कुठला कागद जपायचा आणि कुठला किती वर्षांनी फाडायचा, हे त्यांच्या बोटांना पाठ. सूनबाईंनी आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला, त्यात 'लखलखाट' फुकट घालून दिलं, आणि म्हातारा माणूस दुपारच्या झोपेऐवजी चौकोन बघत बसू लागला. तिकडे दहा-बारा जणांचा कक्ष बसला असेल असं बाबांना वाटत असणार, असं सूनबाईंनी ठरवून टाकलं आणि ओळख दिली नाही. घरात सांगितलं तर कटकट, कंपनीला लिहिलं तर सूचना. बाबांची सोय होतेय ना, मग होऊ दे. आपोआप जाणारं उत्तर आपोआप जात राहिलं.

सातव्या सूचनेवर मात्र सभेत चर्चा झाली, कारण त्या दिवशी मालकांना हसायला काहीतरी हवं होतं. सूचना अशी: 'रेकॉर्डमधून कागद काढला की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवतात. काय काढले, कोणी नेले, कधी, कशासाठी, परत केव्हा. आपले सॉफ्टवेअर फाइल काढते आणि मागे काहीच ठेवत नाही. हे चोराचे लक्षण आहे. चिठ्ठी ठेवावी.' प्रोग्रामर म्हणाला, "मग चिठ्ठ्यांचाच कचरा साठेल. तो काढायला आणखी एक सॉफ्टवेअर विकू." सगळे खो खो हसले. सूचनाबाईही हसल्या, जरा जास्तच, म्हणजे कुणाला संशय यायला नको.

त्याच सभेत ठरलं, की नव्या आवृत्तीत 'एका टिचकीत सफाई' आणायची. काही विचारणं नाही, हो-नाही नाही. लोक प्रश्नांना कंटाळतात, याचा तक्ता बाईंनीच काढून दिला होता. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तो किस्सा अभिमानाने सांगितला. सासरे म्हणाले, "न विचारता?" नवरा म्हणाला, "अहो बाबा, विचारत बसलं तर जगात कचराच कचरा होईल." आणि त्याची नजर बाबांच्या खोलीकडे गेली.

त्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, दार जरा कुरकुरणारं. आत फडक्यात बांधलेले गठ्ठे: नवऱ्याची पहिलीपासूनची प्रगतिपत्रकं, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या, घरात आलेल्या प्रत्येक घड्याळाची पावती. एका गठ्ठ्यात प्रमाणपत्राऐवजी नुसती चिठ्ठी होती. 'काय काढले: पदवी प्रमाणपत्र. कोणी नेले: चिरंजीव. कशासाठी: नोकरी. परत: अद्याप नाही.' बारा वर्षं झाली होती त्या अद्यापला.

नवऱ्याला कपाटाच्या जागी ट्रेडमिल हवी होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि रस्ता फुकट असल्यामुळे त्यावर त्याचा विश्वास नव्हता.

"बाबांशी एकदा बोलायला हवं," सूनबाई म्हणाल्या.

"विचारलं तर महिनाभर चालेल ते," नवरा म्हणाला. "ताई मंगळवारी त्यांना डोळे तपासायला नेणार आहे ना? तेवढ्यात उरकू. एका टिचकीत."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यात खोट काढता येत नाही. मंगळवारी भंगारवाल्याने कपाट नेलं. गठ्ठे फेकायचं धाडस नवऱ्यालाही झालं नाही. त्याने ते सुटे करून कोंबले: दोन खोकी माळ्यावर, एक पलंगाखाली, उरलेलं गाडीच्या डिकीत. प्रगतिपत्रकं तीन ठिकाणी गेली. संध्याकाळी ट्रेडमिल आली, आणि नवरा तिच्यावर सहा मिनिटं चालला.

सासरे परतले. दारात उभे राहून त्यांनी भिंतीवरचा कपाटाएवढा फिका चौकोन बघितला.

"छान मोकळं झालं," ते म्हणाले. मग जमिनीकडे, खिडकीकडे, टेबलावर नजर फिरवून म्हणाले, "चिठ्ठी कुठाय?"

"कसली चिठ्ठी, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

सूनबाईंना कळलं होतं, कसली. त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बोलल्या काहीच नाहीत, आणि न बोलण्याची लाज त्यांना त्याच क्षणी वाटली, पण लाज वाटून घेणं हे बोलण्यापेक्षा सोपं असतं.

दोन दिवस बाबा मोघम म्हणाले नाहीत. ऑफिस कसं काय, हेही विचारलं नाही.

गुरुवारी त्या कामावरून आल्या तेव्हा बाबांची खोली आवरलेली होती. पलंगावरची चादर ताठ, चपला नाहीत. ट्रेडमिलच्या दांड्यावर, नवऱ्याच्या वाळत टाकलेल्या टॉवेलशेजारी, सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर टपोरं, रेघ सरळ.

'काय काढले: वडील, एक नग. कोणी नेले: थोरलीने. कधी: गुरुवार, सकाळी अकरा. कशासाठी: जागा मोकळी व्हावी. परत केव्हा: सूचना क्र. १९ पाहावी.'

नवऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "बाबांची नाटकं," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "कसली एकोणीस?"

त्या ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसल्या. एकोणिसावी सूचना दहा दिवसांपूर्वी आली होती, नव्या आवृत्तीच्या गडबडीत. शेरा: नोंदवली. उत्तर त्याच मिनिटाला गेलेलं. वाचलेली नव्हती.

'सूनबाईंस,' अशी सुरुवात होती. म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं. 'विषय: काढण्यापूर्वी विचारणे. माझे डोळे अधू झाले आहेत, कान नाहीत, आणि आपल्या भिंती पातळ आहेत. कपाट जाणार हे मला समजले आहे. मला विचारल्यास मी हो म्हणेन. कोणता गठ्ठा ठेवायचा, कोणता फाडायचा, तेही बसून सांगेन. चौतीस वर्षे तेच केले आहे. माझ्या मते निम्मे फाडायला हरकत नाही. पण न विचारता नेले, तर मला हो म्हणता येणार नाही. घरात तुला बोललो असतो, पण तिथे तुला कामे असतात. इथे वाचण्याचा पगार मिळतो, म्हणून इथे लिहिले. कृपया मोघम उत्तर देऊ नये.'

खाली तिचं उत्तर होतं. आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.

तिने थोरल्या वन्संना फोन लावला. वन्सं म्हणाल्या, "बाबा फोनवर येणार नाहीत म्हणतात. जे असेल ते लेखी द्या म्हणतात." पलीकडून चमच्यांचा आवाज येत होता. बाबा तिकडे चहा पीत होते आणि लॅपटॉप सोबत नेला होता.

मग तिने लेखी दिलं. सूचना कक्षाच्या पत्रात वरती आपोआप उमटलेलं ते वाक्य तिने खोडलं आणि एवढंच लिहिलं: 'बाबा, आमचं चुकलं. माझं जास्त चुकलं. मी विचारते आहे: तुम्हाला घ्यायला येऊ का?'

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'महोदया, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. ती नोंदवण्यात आली असून योग्य वेळी तिचा विचार केला जाईल. कळावे.'

आठ वर्षांत हे उत्तर तिने हजारो लोकांना पाठवलं होतं. मिळालं मात्र आज पहिल्यांदा. तिने ते शेवटपर्यंत वाचलं, मग उठून नवऱ्याला म्हणाली, "डिकीतलं खोकं घेऊन ये. आणि त्या भंगारवाल्याला फोन लाव."

"आत्ता? कशाला?"

ती स्टुलावर चढून माळ्यावरचं पहिलं खोकं ओढत होती. त्यातून तिसरीचं अर्धं प्रगतिपत्रक खाली पडलं, आणि नवऱ्याने ते वाकून उचललं.